आईच्या वहीतला मुक्काम

अन्याय माझ्या आईवर झाला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासात वाजता, कसबा बावड्यात आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीत. करणारे आम्ही तिघं होतो: पप्पा, काका आणि मी. घरातली गोष्ट आहे, बाहेर कशाला सांगायची, असं कुणी म्हणेल. घरातली म्हणून झाकायची, आणि झाकलेली म्हणून चालू ठेवायची, हा खेळ मला पाठ आहे. म्हणून लिहिते.

आधी गाडीबद्दल. पप्पांचा जन्म ट्रक आणि बसच्या बॉड्या बांधण्यात गेला. वर्कशॉप सुटल्यावर त्यांनी शाळेची पोरं ने-आण करणारी एक जुनी मिनीबस घेतली आणि आठ महिने दारात उभी ठेवून तिचं मोटरहोम केलं. बाकडी काढून दोन घडीचे पलंग बसवले. गॅसच्या ओट्याखाली कप्पे केले, आणि चालत्या गाडीत भांडी वाजू नयेत म्हणून त्या कप्प्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना डासांची जाळी. सगळ्या गाडीत एक स्क्रू वाकडा सापडणार नाही. गल्लीतली माणसं बघायला यायची, "आता हिची बी घरपट्टी भरायला लागणार बघा," म्हणायची, आणि पप्पा लाजून पान्हा पुसत बसायचे. ही सगळी मेहनत आईसाठी होती. तिनं वीसेक वर्षं बसवर कंडक्टर म्हणून काढली, दुसऱ्यांचे प्रवास उभ्यानं केले. आता तिनं खिडकीशी बसावं आणि तिला कुणी काही मागू नये, एवढीच पप्पांची इच्छा होती.

फक्त गाडीत संडास नव्हता. त्या जागी कपड्यांचं कपाट होतं. आईनं विचारलं तेव्हा काका म्हणाला, "वैनी, सगळं रान मोकळं हाय की!" सगळे हसले. मीही हसले.

आता आईचं ऐका. कामावर असताना ती सकाळी निघाली की फेरी संपेपर्यंत पाणी प्यायची नाही. थांब्यावर पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यात उतरायचं, जागा शोधायची, परत येऊन माणसं मोजायची, हे जमणारं नव्हतं. त्यापेक्षा पाणीच नको. त्या सवयीनं तिला लघवीचा त्रास जडला. दोनदा ताप भरून ती दवाखान्यात राहिली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाणी पीत राहायचं आणि धरून ठेवायचं नाही. घरी ती हे पाळते. प्रवासात मात्र पुढची जागा माहीत असल्याशिवाय तिच्या घशाखाली घोट उतरत नाही.

म्हणून तिनं वही केली. डाव्या पानावर गाव आणि वेळ, उजव्या पानावर माणूस आणि फोन. पहिला मुक्काम गारगोटीच्या एका शाळेच्या पटांगणात. दिवाळीची सुट्टी होती, हेडसरांना विचारून झालं होतं, संडासाची किल्ली शिपाईमावशींकडं होती, आणि त्या मावशी म्हणजे आईच्या बसमधल्या जुन्या प्रवासी. वाटेत कुठल्या पेट्रोलपंपावरच्या संडासाला आतून कडी आहे, हेसुद्धा लिहिलेलं. अशी वही एखाद्या मोठ्या कचेरीतही निघाली नसती. वीस वर्षांत तिकीट फाडता फाडता तिनं जिल्हाभर जी माणसं जोडली होती, ती तिनं ओळीनं कामाला लावली होती.

मी पत्रकं लिहिणारी. रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ संडास हवेत म्हणून दोन वर्षं निवेदनं देत फिरतेय, अधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटलेत. आणि त्या सकाळी त्या वहीत मला काय दिसलं? वेळापत्रक. लहानपण सगळं आईच्या ड्युटीच्या तक्त्यावर गेलेलं, तेच पुन्हा समोर आलं असं वाटलं.

"वैनी, ही सहल हाय का फेरी?" काका म्हणाला.

"मन लागंल तिथं थांबायला तर बांधलीया गाडी," पप्पा म्हणाले. "ठरवूनच जायाचं तर लॉज काय वाईट हाय?"

मग मी बोलले. "आई, जन्मभर घड्याळावर चाललीस, आता तरी सोड. मत घेऊया. ठरवून जायचं का न ठरवता?"

हात वर झाले. तीन विरुद्ध एक. मी त्याला लोकशाही म्हणाले. ज्यांना काहीच सोसायचं नव्हतं त्यांचे तीन हात मी मोजले, आणि जिच्या अंगावर सगळं येणार होतं तिचा एक. मोर्चात असलं कुणी केलं असतं तर मी त्याचं पत्रक काढलं असतं.

आई "बरं" म्हणाली. घरात जाऊन वही टीव्हीशेजारी ठेवून आली. गाडी निघाल्यावर तिनं मावशींना फोन लावला. "माफ करा मावशी, आज न्हाय जमत. आमची माणसं आयत्या वेळेला फिरली." पप्पा समोर बघून गाडी चालवत राहिले.

दिवस छान गेला, हे नाकारणार नाही. नदीकाठी मन लागलं तिथं थांबलो, पप्पांनी गॅसवर पोहे केले, काकानं घाटावर म्हशी धुणाऱ्या माणसाशी तासभर गप्पा मारल्या. मुदाळ तिट्ट्याला उजवीकडं की डावीकडं हे नाणं उडवून ठरवलं, आणि गारगोटीचाच रस्ता निघाला. न ठरवण्यात मजा आहेच. पण वाटेत दोनदा चहा झाला, आणि दोन्ही वेळेला आईनं तो अर्धा ठेवला. मी बघितलं. माझीही बाटली सकाळपासून भरलेलीच होती. मी ती उघडत का नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, गारगोटी मागं टाकून, पप्पांनी गाडी डांबरी रस्ता सोडून एका पाणंदीत घातली. दोन्ही बाजूंना उंच ऊस, मधून बैलगाडीपुरती वाट. "हितंच मुक्काम!" पप्पा खूश. काकानं खुर्च्या काढल्या. पाच मिनिटांत पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. मागं दोन ट्रॉल्या, उसानं गच्च भरलेल्या.

ट्रॅक्टरवरचा शेतकरी खाली उतरला. "पावणं, कुठलं म्हणायचं?"

"बावड्याचं."

"बावड्याचं?" त्यानं पप्पांकडं वरखाली बघितलं. "कारखाना दारात हाय न्हवं तुमच्या? मग तोडी सुरू झाल्यात ठावं न्हाय व्हय? अशात पाणंदीत गाडी लावतंय का कोण?"

साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारा माझा बाप ऊसतोड सुरू झाल्याचं विसरला होता. गडबडीनं त्यांनी गाडी मागं घेतली. कडेच्या रानात पाणी सोडलेलं होतं. डावी दोन्ही चाकं भसकन आत गेली. आता आम्हीही अडकलो आणि ट्रॉल्याही.

शेतकऱ्याचं घर शंभर पावलांवर. गलका ऐकून त्याची बायको आली. हातात विळा, डोक्याला फडकं, रानातूनच येत होती. पुरुष चाकाभोवती जमून एकमेकांना सल्ले देत होते. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. बांधावर दोन्ही हातांनी पदर आवळून उभ्या असलेल्या आईकडं बघितलं.

"अक्का, सकाळपास्नं गाडीतच हाय व्हय?"

"व्हय."

"चला आधी. चहापाण्याचं मागनं बघू." तिनं आईचं मनगट धरलं आणि घरामागच्या संडासाकडं घेऊन गेली. मग वळून मला हाक मारली, "तू बी ये गं, लाजतीस कशाला?"

दोन वर्षं मी निवेदनांत जे मांडत होते, ते ह्या बाईनं बांधावरून नुसतं बघून ओळखलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी.

ट्रॅक्टर ट्रॉल्यांपासून सोडवून, साखळी लावून, फडातल्या ऊसतोडकऱ्यांनी ढकलून गाडी निघायला तास गेला. त्यांच्या ट्रॉल्या आमच्यापायी खोळंबल्या. तरी तो भला माणूस म्हणाला, "आता जेवल्याबिगार सोडत न्हाय." म्हणाला तो. चुलीपुढं बसली ती. दिवसभर रानात राबून आलेली बाई, आमच्या चौघांच्या आणि तिच्या घरच्यांच्या भाकरी थापायला. आई शेजारी बसून पीठ मळायला लागली.

"राग मानू नगा अक्का," ती म्हणाली, "पर आदल्या दिशी फोन केला असतासा तर कोंबडं तरी कापलं असतं. आता पिठल्यावर भागवा."

बाहेर अंगणात पप्पा काकाला सांगत होते, "बघ, ह्याला म्हणत्यात फिरणं! काय न ठरवता कसं सगळं जुळून आलं!"

आत तिनं भाकरी उलटली. "जुळून आलंय म्हणं! आमच्या चुलीला इचारा म्हणावं."

आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाहेर पप्पा उठून गाडीची चिखलानं भरलेली चाकं पुसायला लागले. ऐकलं होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो, कारण आईला जळजळ सुरू झाली होती. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप आला. बरी झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जावा गाडी घेऊन. मी घरात बरी." भांडली असती तर सोपं गेलं असतं. आठ महिने जिच्यासाठी पत्रा ठोकला ती घरात, आणि गाडी दारात धूळ खात.

पप्पांना शब्दांत माफी मागता येत नाही. एका रविवारी त्यांनी गाडीतलं कपाट उचकटून बाहेर फेकलं. महिनाभरात तिथं छोटा संडास उभा राहिला. सरकतं दार, आतून भक्कम कडी, खाली काढता येणारी टाकी. तेही काम बघण्यासारखं आहे. आईनं आत जाऊन कडी दोनदा लावून बघितली. मग बाहेर येऊन म्हणाली, "बेस झालंय. पर अवं, ही टाकी रिकामी कुठं करायची, ते बी ठरवाय लागतंय की."

पप्पा घरात गेले आणि वही घेऊन आले. "कुणाला काय इचारायचं ते सांग. फोन मी लावतो."

त्यांचा पहिला फोन गडहिंग्लजकडच्या एका हेडसरांना. ना नाव, ना गाव, थेट सुरुवात: "सर, आमचं भरलं तर तुमच्यात रिकामं करता येईल का?" पलीकडून फोन बंद. आईनं कपाळावर हात मारला. मग तिनं शिकवलं. आधी आपण कोण ते सांगायचं, मग किती माणसं, कुठल्या दिवशी, किती वाजता. जेवण आम्ही आमचं करणार, हे न विसरता सांगायचं, म्हणजे त्या घरातल्या बाईच्या जिवाला घोर लागत नाही. शेवटी विचारायचं की आमच्यामुळं कुणाची वाट अडणार नाही ना. पप्पांनी सगळं लिहून घेतलं, बॉडीची मापं लिहितात तसं, आणि त्याच हेडसरांना परत फोन लावला.

जानेवारीत आम्ही गडहिंग्लजला गेलो. आईच्या वहीत त्या दिवसाच्या फक्त तीन ओळी होत्या: मुक्काम कुठं, टाकी रिकामी कुठं करायची, कुणाला विचारलंय. बाकी पान कोरं. मी विचारलं तर म्हणाली, "एवढं पक्कं झालं की दिवसभर कुठं बी हिंडा. बाकीचं कशाला लिहायचं?"

आणि ती हिंडली. मिरचीच्या बाजारात लाल ढिगांमध्ये दोन तास रमली. शिंकत, भाव करत, "अक्का, अक्का" म्हणणाऱ्या एका विक्रेतीशी गप्पा मारत. तिथून कुणीतरी सांगितलेल्या एका टेकडीवर जायचं तिनंच काढलं. वहीत त्या टेकडीचं नावही नव्हतं. काका घड्याळ बघायला लागला. "वैनी, अंधार पडंल न्हवं?"

"पडू दे की. मुक्काम ठरलाय न्हवं? मग का घाबरतासा भावजी?"

टेकडीच्या चढाला गाडी गुरगुरत होती. आई खिडकीशी बसली होती. तिनं बाटली उघडली आणि चालत्या गाडीत, घटाघटा, अर्धी रिकामी केली. मी माझ्या आईला प्रवासात असं पाणी पिताना कधी बघितलं नव्हतं.

आता तुम्ही. "असंच निघू, बघू कुठं जातोय ते" म्हणणारे. तुम्हाला जमतं, कारण तुमच्यासाठी सगळं रान मोकळं आहे, आणि पोचाल तिथं कुणीतरी चूल पेटवणार आहे. पुढच्या सहलीची बॅग भरण्याआधी तुमच्या घरातल्या बाईसमोर बसा आणि विचारा, प्रवासाच्या दिवशी तू पाणी कधी पितेस? तिनं खरं सांगेपर्यंत उठू नका. मग फोन घ्या, आणि तिची जागा ठरेपर्यंत एकेक नंबर तुम्ही लावा. तिला लावायला सांगू नका. त्याआधी गाडीला किल्ली लावायची नाही.