‘इतर’मध्ये टाकलेली धाकटी

कोडताईंचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. काम कोड टाकण्याचं, म्हणून कोडताई. आमचं खातं गुन्ह्यांच्या पाहणीचं. पोलिसांच्या दप्तरात येतात तेवढेच गुन्हे घडतात असं नाही, म्हणून आमची माणसं दारोदार फिरून विचारत: गेल्या वर्षभरात घरात चोरी झाली का, कुणाला मारहाण झाली का, पोलिसांत गेलात का, नसाल तर का? लोक बोलतील तसं लिहून घ्यायचं. मग कोडताई ते वाचून शेजारच्या चौकटीत आकडा घालत. भीती वाटली: एक. पोलिसांवर विश्वास नाही: दोन. घरातली बाब आहे: तीन. कशातच बसत नसेल ते आठ, म्हणजे ‘इतर’.

एकोणीस वर्षं त्यांनी हेच केलं. मी शेजारच्या टेबलावर तक्ते करायचे. नव्या मुली आल्या की कोडताई त्यांना समजवायच्या, “अगं, आकडा मोठा म्हणजे वस्ती वाईट, असं समजू नकोस. तिथली चौकी जवळ असेल, नाहीतर तिथल्या बायका धीट झाल्या असतील. शून्य दिसलं की मात्र दोनदा बघ. शून्य फार चांगल्या घरांतून येतं.”

एवढं त्यांना कळत होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

एका दुपारी त्यांनी एक फॉर्म उचलला, वाचला आणि पेन खाली ठेवलं. मला वाटलं, शाई संपली. मी माझं पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. फॉर्मच माझ्याकडे सरकवला. नाव आम्ही कधीच लिहीत नाही. बाई, वय चौतीस, एक मुलगा. खाली उत्तर होतं:

‘नवरा मारतो. शिक्षक आहे, बाहेर मान आहे. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. पोलिसांत गेले नाही. आई लवकर गेली, मोठ्या बहिणीनं वाढवलं, म्हणून आधी तिला फोन केला. ती म्हणाली, तुझी पण जीभ जरा जास्तच चालते, चार दिवस गप्प राहून बघ. म्हटलं, हिलाच पटत नाही तर पोलिसांना काय पटणार?’

“हे वाक्य माझं आहे,” कोडताई म्हणाल्या. “भाजी चिरत होते. फोन खांद्यावर धरला होता. कुकरची शिट्टी झाली म्हणून घाईनं ठेवला.”

फॉर्म वाचून माणूस शोधत जायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्यांनी तो तासाभरात मोडला. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

धाकटी बहीण घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. नवरा शाळेत होता. ताईला बघून तिला आनंद झाला, पण ताईचा चेहरा बघून तो मावळला.

“तू ते वाचलंस,” ती म्हणाली.

“त्यावर नाव नव्हतं गं.”

“मग ओळखलंस कशावरून?”

“माझ्या बोलण्यावरून.”

धाकटीनं हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. “म्हणजे लक्षात होतं तुझ्या. मला वाटायचं, तू विसरलीस. विसरली असतीस तर बरं झालं असतं.”

“चल माझ्याबरोबर. आत्ता. पोराला शाळेतून परस्पर घेऊ.”

“आत्ता नको, ताई. तेव्हा आले असते. बॅग भरली होती. बॅगेवर बसूनच तुला फोन केला होता.”

कोडताई तिथंच खाली बसल्या. धाकटीनं पाणी आणून दिलं, पण शेजारी बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, “ती फॉर्मवाली बाई परकी होती. तिनं विचारलं आणि मी बोलेपर्यंत थांबली. मध्ये एक शब्द काढला नाही. मला किती रडू आलं म्हणून सांगू!”

दुसऱ्या दिवशी कोडताई साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि नियम मोडल्याचं सांगून टाकलं. मग म्हणाल्या, “मला या वेळचे सगळे ‘इतर’ परत काढून द्या.” चार दिवस त्या गठ्ठे उपसत होत्या. एकीनं आईला सांगितलं, आई म्हणाली सहन कर. भावाला सांगितलं, भावानं परत नेऊन सोडलं. मैत्रिणीला सांगितलं, तिनं बोलणंच टाकलं. अशी त्रेचाळीस उत्तरं निघाली. सगळ्यांवर कोडताईंच्या हातचा आठ.

“साहेब, यांना स्वतःचा वेगळा कोड हवा.”

“फॉर्म छापून झालेत हो.”

“मग मी हातानं लिहिते.”

साहेबांनी होकाराची मान हलवली. नियम मोडल्याबद्दल लेखी समजही दिली; ती कोडताईंनी निमूट घेतली. अहवालात नववं कारण आलं: ‘जवळच्या माणसाला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही.’ एकशे बारा पानांत एक ओळ.

वर्षभरानं धाकटीनं ते घर सोडलं. एका वकीलबाईनं मदत केली. मुलाला घेऊन ती दोन खोल्यांत राहायला गेली आणि शिवणाच्या कारखान्यात लागली. ताईला हे भाच्याकडून कळलं, तेही तिसऱ्या महिन्यात.

मग एकदा फोन आला. कारखान्यातली नोकरी पक्की व्हायला धाकटीला तिचा शाळेचा दाखला हवा होता. कोडताईंनी कपाट उपसून तो शोधला, पोस्टानं न पाठवता स्वतः घेऊन गेल्या. दार धाकटीनंच उघडलं. कागद बघितला, घडी घातली आणि म्हणाली, “थँक यू.”

“जन्मात कधी मला थँक यू म्हणाली नव्हती,” कोडताई मला म्हणाल्या. “फ्रॉकची बटणं लावून घ्यायची नि पळायची.”

त्या दिवशी त्यांच्या गठ्ठ्यातले अर्धे फॉर्म मी केले.