नोटरीसाहेबांची ओळखपरेड

हसू नका हं, आधीच बजावतो. अशी शोभा माझी कोर्टातसुद्धा झाली नव्हती!

नोटरीची सनद नुकतीच हाती पडली होती. आधी वर्षानुवर्षं वकिली घासावी लागते, तेव्हा कुठे तो गोल शिक्का मिळतो. काय अप्रूप होतं राव त्याचं! घरी रद्दीच्या पेपरवरसुद्धा मारून बघायचो.

अशात चाकणच्या दत्ताभाऊंचं काम आलं. लातूरकडचा माणूस, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. फ्लॅटसाठी घेतलेल्या कर्जाच्या कागदांवर त्यांनी माझ्यासमोर सह्या करायच्या होत्या. त्यांना शिफ्टमुळे सवड नाही, म्हणून मीच स्कूटरवरून त्यांच्या चाळीत गेलो.

दार उघडलं, तर समोर गुळगुळीत टक्कल! मिशी साफ. आणि आधारकार्डावर? कपाळावर झुलपं, झुपकेदार मिशा!

"दत्तात्रय तुम्हीच?"

"व्हय साहेब, मीच की."

"कशावरून?"

आता सांगा, माणसाला त्याच्याच घरात असं कुणी विचारतं का? मी विचारलं!

वहिनींनी कपाळावर हात मारला. "कर्ज मंजूर झालं तर केस देईन, असा नवस केला होता ह्यांनी. बँकेचा फोन आला की पळाले देवाला! मी बोंबलून सांगत होते, आधी सह्या करा."

"नवस कायद्यात बसत नाही," मी ताठ मानेनं म्हणालो.

शेजारी धावले. "आवं, दत्ताच हाय ह्यो!"

"आणि तुम्ही कोण? पुरावा?"

झालं! कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी लाइटबिल, एकानं तर लग्नाचा अल्बम! दारात जत्रा. दत्ताभाऊ मात्र रडकुंडीला आले. "साहेब, आज सह्या न्हाई झाल्या तर बिल्डर फ्लॅट दुसऱ्याला देतोय. पोरींनी नव्या घरातल्या खिडकीच्या जागेवरून भांडणंसुदीक केलीत हो."

तेवढ्यात घरमालकीण आजी पुढं आल्या. "सगळ्यांची कार्डं बघताय, तुमचं दाखवा की. तुमी तरी वकील कशावरून?"

मी ऐटीत ओळखपत्र काढलं. फोटो वकिली सुरू केली तेव्हाचा, डोक्यावर कुरळं रान. कार्ड हातोहात फिरलं. सगळे एकदा फोटोकडे बघत, एकदा माझ्या चकचकीत डोक्याकडे.

"ह्यो न्हाई त्यो!" कुणीतरी निकाल दिला.

शेवटी कोण धावून आलं माहितीये? दत्ताभाऊ! "साहेबच हायत ते. डोळं बघा की, तेच हायत."

मीही मुकाट्यानं आधारकार्डावरचे त्यांचे डोळे बघितले. तेच होते. सह्या झाल्या, शिक्का बसला, वहिनींनी आल्याचा चहा दिला. तशी चव पुन्हा मिळाली नाही बघा. आता चाळ गेली, तिथं कंपनीच्या बस उभ्या राहतात. हल्ली माणूस ओळखायला मशीनवर अंगठा ठेवला की झालं. दारात जत्रा कुठली भरायला!

निघताना आजींनी मला हळूच बाजूला घेतलं.

"साहेब, तुमीबी नवस केला व्हता व्हय?"

"नाही हो आजी," म्हटलं, "मी नुसती वकिली केली!"