उत्तर राहिलेले प्रश्न

कार्यक्रम कितीही लांबला तरी वृत्तांत सर खाली बसत नसत. आमच्या सोलापूरच्या विद्यापीठातल्या कला आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेत वर्षभर काही ना काही चालू असे. व्याख्यान, चर्चासत्र, पुस्तक प्रकाशन, नाहीतर कुणाचा तरी निरोप समारंभ. सभागृहाच्या मागच्या दाराशी, पंख्याच्या बटणांखाली, बारीक अंगाचा एक माणूस खांद्याला पिशवी लावून उभा असे आणि जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहीत असे. कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणत, "बसल्यावर नुसतं ऐकू येतं. मला बघायचं पण असतंय की."

ते समाजशास्त्र शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि एप्रिलपर्यंतची नेमणूक. सोलापुरातल्याच एका बौद्ध वस्तीत ते वाढले होते. वडील गिरणीत होते, आणि गिरणीच्या भोंग्यावर उठायची सवय भोंगा बंद झाल्यावरही घरातून गेली नव्हती. शिकवण्याव्यतिरिक्त सर विद्याशाखेचं चार पानी वार्तापत्र काढत. हे काम त्यांच्याकडे कुणी आणि कधी दिलं, ते कुणालाच सांगता येत नसे. त्यावरूनच त्यांना वृत्तांत सर म्हणत. खरं नाव कागदोपत्रीच उरलं होतं.

वार्तापत्रात व्यासपीठावरच्या लोकांना दोन ओळी मिळत. बाकीची जागा सभागृहाची असे. सतरंजी कुणी घातली, माईक बंद पडल्यावर कुणी दुरुस्त केला, सगळ्यांची नावं. आणि शेवटच्या पानावर एक चौकट: 'उत्तर राहिलेले प्रश्न'. श्रोत्यांनी विचारलेले, पण पाहुण्यांनी बगल दिलेले किंवा वेळेअभावी सुटलेले प्रश्न तिथे विचारणाऱ्याच्या नावासह छापलेले असत. एकदा अधिष्ठात्यांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "पाहुण्यांना आपणच बोलवायचं आणि त्यांना काय आलं नाही तेही आपणच छापायचं?" सर म्हणाले, "आलं नाही असं कुठं लिहिलंय सर? राहिलं, एवढंच लिहिलंय." पुढच्या अंकात चौकट होतीच.

मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. माढा तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, वसतिगृहाच्या खोलीतही दबकून बोलणारी. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं. कारखान्यांच्या परिसरात मुलांसाठी साखरशाळा काढल्या तरी पालक मुलांना पाठवत नाहीत, त्यांना शिक्षणाचं महत्त्व पटलेलं नाही, असं ते म्हणाले. माझी मावशी श्रीपूरला राहते. कारखान्याजवळच्या तोडकऱ्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, मी लहानपणापासून बघितलेल्या. कशी कोण जाणे, मी उभी राहिले. "सर, थोरली पोर शाळंत गेली तर बारक्या भावंडांस्नी कोण बघणार? आईबाप फडात. तितं कोपीवर दुसरं कुणीच नसतंय."

'भावंडांस्नी' ऐकून पुढच्या रांगेत हसू फुटलं आणि ते मागेपर्यंत पसरलं. पाहुणे "चांगला प्रश्न आहे" म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी खाली बसले ती आभार होईपर्यंत मान वर केली नाही.

बाहेर पडून वसतिगृहाकडे निघाले तर मागून कुणीतरी धावत येत होतं. वृत्तांत सर. धाप लागलेली, हातात पत्रिका.

"प्रश्न विचारून पळून जातेस होय? नाव सांग. गाव पण सांग."

मी नाव सांगितलं. मग म्हटलं, "सर, नका छापू."

"का?"

"हसले सगळे."

"हसले तेही लिहिलंय मी," ते म्हणाले, "पण ते छापणार नाही. जागा कमी आहे."

अंक आला तेव्हा चौकटीत एकच प्रश्न होता, माझा. शब्द न् शब्द मी बोलले तसा. मला इतकी लाज वाटली की मी थेट त्यांच्याकडे गेले. "सर, निदान भाषा तरी दुरुस्त करायची."

त्यांनी अंक हातात घेतला, चौकट पुन्हा वाचली आणि शांतपणे म्हणाले, "प्रश्न दुरुस्त होता की."

पुढे तोच माझ्या पीएच. डी.चा विषय झाला. मार्गदर्शक दुसरे होते, पण प्रत्येक प्रकरण आधी सर वाचत. त्यांच्या खुणा पेन्सिलीच्या असत. एखाद्या परिच्छेदाशेजारी फक्त 'कोण?' लिहिलेलं असे. मी 'मजूर स्त्रियांच्या मते' असं लिहिलेलं असे आणि त्यांना ती बाई हवी असे. मग मी पुन्हा श्रीपूरची गाडी धरत असे.

विभागात कायम प्राध्यापकाची एक जागा निघाली तेव्हा आम्ही दोघांनीही अर्ज केला. त्यांनी शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी शाळेत होते. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला रोज तासभर समोर बसवून प्रश्न विचारले. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हालाही द्यायचीय ना मुलाखत?" म्हणाले, "मी दरवर्षीच देतोय. माझी तयारी झालेलीच असती."

जागा मला मिळाली. वार्तापत्रात माझ्या नियुक्तीची बातमी त्यांनीच लिहिली. त्याआधी विभागात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "वडिलांच्या नावाबरोबर आईचं पण घालू का?" मी हो म्हटलं. माझ्या आईचं नाव रेशनकार्डाबाहेर छापलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

इथवरचं सांगायला मला आवडतं. वर्गात मी हे पुष्कळदा सांगितलंही आहे. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी कागदी वार्तापत्र बंद करून बातम्या संकेतस्थळावर टाकायचं ठरलं आणि त्याची समन्वयक मला केलं. मोठे फोटो, थोडा मजकूर, मान्यवरांची नावं आधी. सर बातम्या लिहून देत राहिले, मी त्या कापत राहिले. पहिल्याच महिन्यात मी चौकट काढली. तेव्हा मला बढतीची मुलाखत द्यायची होती आणि कुणाला नाराज करायची माझी तयारी नव्हती.

"जागा नव्हती का?" त्यांनी विचारलं.

"नव्हती सर."

संकेतस्थळाला जागेची काय कमतरता असणार? ते "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांच्या बातम्या आखूड होत गेल्या आणि मग यायच्या थांबल्या. मी त्या मागितल्याही नाहीत.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये प्रवेश कमी झाले. विभागाच्या बैठकीत आम्ही तिघंच होतो. तासिकेवरच्या दोन शिक्षकांपैकी एकालाच बोलावता येईल, असं विभागप्रमुख म्हणाले. दुसरी शिक्षिका तरुण होती, तिचे शोधनिबंध जास्त होते. "सरांकडे आता वार्तापत्रही नाही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांच्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं कशी बोलायला लागतात, हे मला सांगता आलं असतं. मी स्वतः त्याचा पुरावा होते. मी समोरच्या कागदाचं पान उलटलं. सर शिकवत तो पेपर माझ्याकडे आला. वेळापत्रक टाइप करायचं कामही माझ्याकडेच आलं.

तासिकेवरच्या माणसाला कुणी काढत नाही, पुढच्या वर्षी फक्त बोलावत नाहीत. त्यामुळे कुणी कुणाला काही कळवतही नाही. अर्ज, मुलाखत दरवर्षीसारखी झालीच होती; सत्राच्या पहिल्या दिवशी सर नेहमीसारखे आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. फलकावरचं वेळापत्रक त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी हजेरीपट घेऊन जिन्यावरून उतरत होते. त्यांना पाहून थांबले. परत वर जावं असं वाटलं, पण त्यांनी पाहिलं होतं.

"माझं नाव राहिलंय का गं?"

"टायपिंगमध्ये राहिलं असेल सर," मी म्हणाले. "बघते मी."

"बघ," ते म्हणाले.

मी त्यांच्याच वर्गावर निघून गेले. तास संपवून फलकाशी आले तेव्हा ते गेले होते. मी फोन केला नाही. पहिल्या आठवड्यात धीर झाला नाही, दुसऱ्या आठवड्यात उशीर झाला असं वाटलं, आणि मग ते तसंच पडून राहिलं.

दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याकडून कळलं की सर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात असतात. एका शनिवारी दुपारी मी गेले. यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. काचेच्या दाराआड, गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत सर बसले होते. केस पांढरे झाले होते. मला पाहून ते उठले, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. आईची तब्येत विचारली. विभागाबद्दल काही विचारलं नाही.

चहा संपला तेव्हा मी बोलले. "सर, ते टायपिंग मीच केलं होतं. बैठकीतही मी होते. गप्प बसले."

ते चिठ्ठ्या एकसारख्या करत राहिले. मग म्हणाले, "ते मला त्याच दिवशी कळलं. तू जिन्यावर थांबलीस ना, तेव्हाच."

"मग काही बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार? तू बघते म्हणालीस. म्हटलं, आज नाही तर उद्या येईल सांगायला. घरी बसून वाट बघितली की मी. लई दिवस बघितली."

मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "नोकरीचं मनावर घेऊ नको. ती कधीतरी जाणारच होती. ज्या दिवशी काढलं, त्या दिवशी तू खरं सांगितलं असतंस, तर आपण दोघं तिथंच कँटीनला जाऊन चहा घेतला असता. एवढंच."

पुढच्या महिन्यात विभागात चर्चासत्र होतं. मी म्हटलं, "या ना सर. बोलायला या."

"शनिवारी माल भरायचा असतो," ते म्हणाले. चर्चासत्र कोणत्या वारी आहे, हे मी सांगितलंच नव्हतं.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. पाळी सुटली होती. सायकली आणि मोटारसायकली बाहेर पडत होत्या. घड्या घालणाऱ्या बायकांपैकी एकीने जाता जाता माझ्याकडे बघून त्यांना विचारलं, "पाव्हण्या हाईत का सर?"

"विद्यापीठात प्राध्यापक आहेत," सर म्हणाले.

आपली विद्यार्थिनी आहे, असं ते म्हणाले नाहीत. मी रिक्षात बसेपर्यंत ते उभे राहिले, रिक्षावाल्याला रस्ता समजावून सांगितला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सावकाश जा मॅडम. तुम्हाला उशीर झाला."