एक तक्रार हवी होती

पालेगावच्या विनीत भोईरला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी नावं ठेवायला हवी होती.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये मोबाईल दुरुस्त करता करता तो अ‍ॅप बनवायला शिकला. मग आनंदनगरच्या फॅक्टरीत चिकटला. तेवढ्यात एका नव्या कंपनीचा फोन बाजारात आला. त्याची आतली यंत्रणाच वेगळी, त्यामुळे त्यावर चालणारी अ‍ॅप जवळजवळ नव्हतीच. विनीतने नोकरी सोडली आणि त्या फोनसाठी ‘पाणी आलं’ बनवलं. ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्याने बटण दाबायचं, की सगळ्यांच्या फोनवर घंटा. गावात पाण्याची वेळ फक्त पाण्यालाच ठाऊक असते, त्यामुळे अ‍ॅप कशाला हवं, असं कुणी विचारलं नाही.

कंपनीने चाचणीसाठी दहा फोन पाठवले. अट एकच. वापरणाऱ्यांनी महिन्याभरात निदान एक चूक लिहून कळवायची आणि ती विनीतने दुरुस्त करायची. नाहीतर वापर खोटा धरणार, अ‍ॅप बाद आणि विनीत परत फॅक्टरीत.

गावाने पाच-पाच तारे दिले. शेजारच्या जयदेवकाकांच्या फोनवर घंटा दोनदा वाजलीच नव्हती. तेही त्यांनी पोटात घातलं.

"पोरगा आपला हाय. त्याला नाव कसा ठेवाचा?" ते म्हणाले. "त्यात कंपनीला लिवून?"

शेवटी विनीत घरातल्या हुकमी माणसाकडे वळला. मोतीबाई आत्या. तिने आजवर कुणाचं कालवण, कुणाची सून धड म्हटलेली नाही. विनीत बारावीला गावात पहिला आला तेव्हा ती म्हणाली होती, गावच केवढा. तेव्हापासून तो तिला टाळतच आला होता. आता फोन तिच्या हातात देऊन म्हणाला, "आत्या, खटकेल ते बिनधास्त बोल. फोन लिहून घेतो."

आत्याने मन लावून वापरलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी विनीतने तिचा फोन उघडला.

"नळापाशी बसाला नाय लागला. बाजूच्या राजसीची हलद पुरी बघली. चांगला हाय."

पाण्यापायी आत्या दर हळदीतून अर्ध्यात उठून येते, हे त्याला माहीत होतं. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. फोन हातात होता, तिचं पुसून खोटी तक्रार लिहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते तसंच पाठवलं.

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं. वापर संशयास्पद, अ‍ॅप नामंजूर.

सोमवारी तो फॅक्टरीचा डबा भरत होता, तेव्हा आत्या फोन घेऊन आली.

"घंटी लय बारीक वाजते," ती म्हणाली. "तवाच सांगनार होती, पन म्हटला, पोराचा काम हाय."

विनीतने डबा बाजूला ठेवला आणि आधी घंटा मोठी करून दिली.