गिरधरभाऊंचा इनबॉक्स

“रोगट झाड वाचवत बसायचं नसतं, उपटून पुरायचं असतं,” गिरधरभाऊ महाजन एकदा म्हणाले होते. तेव्हा विषय केळीच्या बागेचा होता. पुढे त्यांनी हा नियम माणसांनाही लावला. मुलगा रितेशने न विचारता इंदूरच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा भाऊंनी त्याचा नंबर फोनमधून काढला, फोटो भिंतीवरून काढला आणि घरात त्याचं नाव घ्यायला बंदी घातली. तत्त्वाचा माणूस. बुऱ्हाणपुरात अशी माणसं केळीइतकीच भरघोस पिकतात.

फक्त एक मुळी जमिनीत राहिली. लालबागेत निरंजनशेठच्या केळी पाठवण्याच्या ऑफिसात भाऊ कारकून होते आणि रितेश ऑफिसच्या मेलवर लिहायचा. नातू झाल्याचंही तिथेच कळलं. भाऊ डबा खाताना ते मेल पुन्हापुन्हा वाचत. उत्तर देत नसत, पुसतही नसत. याला ते संबंध तोडणं म्हणत.

एका दुपारी अँटिव्हायरसची लाल चौकट उघडली. मेलमध्ये व्हायरस. कुठल्या मेलमध्ये, ते नाही. नाव फक्त इनबॉक्सच्या फाईलचं.

“पूरा इनबॉक्सच उडव, झंझट खतम,” निरंजनशेठ कॉम्प्युटरवर बसणाऱ्या वैजयंतीला म्हणाले. “भाऊंचंच तत्त्व आहे. क्यों भाऊ?”

भाऊंना नेमका तेव्हाच खोकला आला.

“शेठ, सगळे मेल एकाच फाईलमध्ये राहतात,” वैजयंती म्हणाली. “खराब एखादाच असंल.”

“मग तेवढाच काढ ना,” भाऊ म्हणाले. “बाकीच्यांनी काय बिघडवलं?”

“बागेत तर शेजारची झाडंही उपटता तुम्ही,” शेठ म्हणाले.

वैजयंतीने सकाळपासून आलेले, फाईल जोडलेले मेल शोधले. संशयित एकच निघाला. पाठवणारा रितेश. मजकूर नाही, जोडलेल्या फाईलचं नाव ‘फोटो’.

“उघड ना,” भाऊ हळूच म्हणाले. “नातवाचा असंल.”

“फोटो नाही तो, भाऊ. फाईल प्रोग्रॅमची आहे, नाव तेवढं फोटोचं. कुणीतरी तुमच्या मुलाच्या खात्यात घुसलंय. त्यांच्या नावानं सगळ्यांना हेच गेलं असंल.”

तिने मेल न उघडता पुसला, ट्रॅश रिकामा केला. पुसलेला मेलही फाईलमध्ये तळाशी पडून राहतो, म्हणून फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करून तो तिथूनही कायमचा काढला. पुन्हा तपासणी केली. चौकट हिरवी झाली. रितेशचे बाकीचे मेल जागच्या जागी होते.

“त्यांना फोन करून सांगा.”

“नंबर नाही.”

“मग लिहा,” म्हणत तिने कीबोर्ड सरकवला.

भाऊंनी एका बोटाने लिहिलं: ‘तुझा मेल खराब झाला आहे. पासवर्ड बदल.’ इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर बापाचे मुलाला पहिले शब्द. मग खाली जोडलं: ‘फोटो नंतर पाठव.’

“झाड वाचलं म्हणायचं का मग, भाऊ?” शेठने विचारलं.

भाऊंनी सेंड दाबलं, डब्याची पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या आणि ते बाहेर पडले.