विहीणबाईंचा वळणारा चेंडू

चीनमधल्या आन्शान शहरातल्या आमच्या वसाहतीत टेबल टेनिससाठी सिमेंटचं टेबल आहे आणि नेट म्हणून विटांची रांग. निवृत्त बॉयलर-फिटर लुआन देशुन तिथले दादा. नातवाला सांभाळायला त्यांच्या मुलीच्या सासूबाई शिंग गुइलान आल्या आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी लुआनना हरवलं.

बाई चेंडू परतवताना तो बाजूने घासत. लुआन नेहमीसारखा ताकदीचा फटका मारत आणि चेंडू टेबलाच्या उजवीकडून बाहेर, हिवाळ्यासाठी वाळत घातलेल्या कोबीत जाई.

"व्याहीबुवा, कोबी घरी न्यायचाय का?" बाई गोड आवाजात विचारत.

पुष्कळ हरल्यावर लुआनना कळलं की जोर वाढवून उपयोग नाही. टप्पा पडून चेंडू वळेपर्यंत थांबायचं, रोख डावीकडे धरायचा आणि वरून घासत दमाने मारायचं. मग चेंडू टेबलातच पडू लागला. एका रविवारी ते जिंकले.

"वा, व्याहीबुवा! काय खेळलात!" बाई म्हणाल्या.

लुआनचा चेहरा पडला. व्याह्या-विहिणींनी एकमेकांचं केलेलं कौतुक रीतीपुरतं असतं. "विहीणबाई, खरं सांगा, मान राखायला मुद्दाम हरलात ना?"

बाईंनी बॅट टेबलावर आपटली. "मुद्दाम? नवरा आजारी होता तेव्हा त्यालाही जिंकू दिलं नाही मी, तुम्हाला देईन? आणि तुमची सर्व्हिस अजून पेजेसारखी पातळ आहे!"

बघणारे आम्ही सगळे चपापलो. लुआन मात्र खुलून आमच्याकडे वळले.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?"