गुरुवारचं मॅकरून

आमच्या सासूबाईंच्या मते जगात मॅकरूनचे दोनच प्रकार होते. दाताला चिकटणारे आणि न चिकटणारे. हल्ली गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये गुलाबी-हिरव्या रंगाच्या, मधे क्रीम भरलेल्या, मोठ्या बटणांसारख्या दिसणाऱ्या ज्या महागड्या वस्तू मिळतात, त्यांनाही मॅकरूनच म्हणतात असं माझी मुलगी सांगते. म्हणू देत. मी म्हणतेय ते बेकरीतलं मॅकरून. ओबडधोबड, फिकट तपकिरी, वरून कुरकुरीत, आतून ओलसर आणि बुडाला कागद चिकटलेलं.

मी लासलगावची. वडिलांची कांद्याची आडत. घरात रविवारी मटण आणि अधूनमधून अंडी. कॉलेजसाठी नाशिकला आले, प्रेमात पडले आणि नव्वदीच्या सुरुवातीला लग्न करून पंचवटीतल्या अशा घरात गेले, जिथे अंड्याला अंडंसुद्धा म्हणत नसत, ‘ते’ म्हणत. सासूबाईंनी लग्नाला विरोध केला नाही. फक्त माझ्याशी बोलल्या नाहीत. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण आमच्याकडे लेक नव्हती, तेव्हा ते काम दुधाच्या पातेल्यावर भागवलं जाई. “काही लोकांना गॅस बारीक करायचं कळत नाही,” असं त्या पातेल्याला सांगत आणि मी गॅस बारीक करी. मी तशी खमकी, पण पातेल्याशी भांडणार कशी?

त्यांचे गुडघे दुखत. दर गुरुवारी मेन रोडजवळच्या एका डॉक्टरांकडे शेक घ्यायला जावं लागे. नवरा सातपूरच्या कारखान्यात, सासरे आधीच गेलेले, त्यामुळे त्यांना रिक्षाने नेणं-आणणं माझ्याकडे आलं. रिक्षात त्या डावीकडे बघत, मी उजवीकडे. गुरुवार हा त्यांचा दत्ताचा उपासाचा वार. शेक घेऊन बाहेर पडलं की त्यांना हमखास भूक लागे, पण बाहेरचं काही चालत नसे.

अशाच एका गुरुवारी रिक्षाची वाट बघत आम्ही एका जुन्या बेकरीसमोर उभ्या होतो. काचेच्या बरणीत मॅकरून होती. सासूबाई बराच वेळ बरणीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी बेकरीवाल्या चाचांना विचारलं, “यात मैदा आहे का?”

“नाही मावशी.”

“रवा? बेसन?”

“काहीच नाही. खोबरं है, साखर है.”

सासूबाई विचारात पडल्या. खोबरं उपासाला चालतं. साखर चालते. राहता राहिली भट्टी, जिच्यात पावही भाजला जातो. “अग्नीला विटाळ नसतो,” असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि दोन मॅकरून घेतली. एक खाल्लं. दुसरं हातात धरून त्या जरा थांबल्या. पातेलं तर घरी होतं. मग त्यांनी ते माझ्यापुढे केलं आणि म्हणाल्या, “घे. चिकटतं का बघ.”

लग्नानंतर त्या माझ्याशी सरळ बोलल्या त्या अशा.

तिथून आमचं सुरू झालं. आधी त्याच बेकरीतलं, मग दुसरीकडचं. नाशिकरोडला मावससासूबाईंकडे जायचं निघालं, तर स्टेशनजवळच्या बेकरीतून येताना पुडी आलीच. तिथल्या मॅकरूनवर लाल चेरी असे. सासूबाई ती काढून मला देत, कारण “एवढा लाल रंग देवाने फळाला दिलेला नाही.” देवळाली कॅम्पातलं सगळ्यांत उत्तम. काजूचं, टोकदार, आत थोडं पोकळ. तोंडात टाकलं की आधी कडक कवच मोडायचं आणि मग ते हळूहळू विरघळायचं. ते खाताना त्या डोळे मिटत आणि मी त्यांच्याकडे बघत बसे. मिटल्या डोळ्यांनी त्या फार लहान दिसत. त्यांच्या लहानपणच्या गोष्टी मी कॅम्पाच्या बसस्टॉपवर ऐकल्या. सासरी आल्यावर त्यांना कुणी ‘घे’ म्हणून काही दिलं नव्हतं, हेही तिथेच ऐकलं. मला त्या आवडायला लागल्या होत्या. मी त्यांना ‘आई’ म्हणत होते पहिल्या दिवसापासून, पण ते तोंडातून येण्याऐवजी आतून यायला लागलं ते त्या बसस्टॉपवर.

गुडघे काही सुधारले नाहीत, पण शेक आम्ही सोडला नाही.

पुढे दोन हजारच्या आसपास कॉलेज रोडला कॅफे निघाले. एसी, काचेची दारं, हळू आवाजातली गाणी. त्यातल्या एका कॅफेत मॅकरून मिळतं असं कळल्यावर एका गुरुवारी सासूबाई ठेवणीतली नऊवारी नेसून तयार. आत गेल्यावर त्यांनी चप्पल काढावी का, असं मला कानात विचारलं. टेबलाशी आलेल्या मुलीला मी दोन मॅकरून सांगितली. मुलगी गोड होती. सासूबाईंची तुळशीची माळ आणि कपाळावरचं गंध बघून ती आपण होऊन म्हणाली, “आजी, तुम्ही व्हेज असाल ना? मग मॅकरून नका घेऊ. त्यात अंडं असतं. अंड्याचा पांढरा भाग फेटूनच करतात ते.”

“या इथल्यात?” सासूबाईंनी विचारलं.

“सगळीकडच्याच. त्याशिवाय फुलत नाही ते.”

चाचा खोटं बोलले नव्हते. त्यांना मैदा विचारला होता, रवा विचारला होता, बेसन विचारलं होतं. उपासाला काय चालतं याची आम्ही बारकाईने चौकशी केली होती. ‘ते’ आहे का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि खाल्लं ते सगळं गुरुवारी.

रिक्षात त्या पुन्हा डावीकडे बघत बसल्या. घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ केली, देवापुढे बराच वेळ बसल्या. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी मला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“नाही हो आई.”

“तुमच्याकडे तर खातात ना सगळं.”

तुमच्याकडे! इतक्या वर्षांनी. आमच्याकडे अंडं म्हणजे उकडलेलं नाहीतर तळलेलं, समोर दिसणारं. ते वेषांतर करून खोबऱ्यात शिरतं हे लासलगावात कुणाला माहीत? मला राग आला आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. कारण लग्न झाल्यापासून मी अंड्याला हात लावला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं मला. नवरा तर म्हणायचा, माहेरी गेलीस की खात जा. पण दोन घरांत दोन तोंडं घेऊन वावरणं माझ्या स्वभावात नव्हतं, म्हणून सोडलं. आणि त्यांना वाटत होतं, मी मुद्दाम, जाणूनबुजून त्यांना बाटवलं. आता हे आपणच सांगायचं म्हणजे केलेल्याची दवंडी पिटायची. माझा ताठा आडवा आला. मी कणीक मळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुधाच्या पातेल्याशी बोलायला लागल्या.

शेक बंद झाला. गुरुवार येत आणि जात. मला मॅकरूनची आठवण येत नव्हती, मला त्यांचे मिटलेले डोळे आठवत.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. सासूबाई आल्या. न येऊन चार लोकांत शोभलं नसतं. पाव्हण्यांसाठी आईने दोन स्वयंपाक केले होते, एक मटणाचा, चुलीवर अंगणात, एक आत सोवळ्यासारखा. आतल्या पंगतीला तिने सासूबाईंचं ताट वाढलं आणि शेजारी माझं.

“तिला त्यांच्यात बसू द्या की,” सासूबाई अंगणाकडे बघत म्हणाल्या. “तिच्या आवडीचं आहे तिथे.”

“छ्या, विहीणबाई,” आई भात वाढता वाढता म्हणाली, “तिचं काय घेऊन बसलात! लगीन झाल्यापास्नं पोरगी अंड्यालासुदीक हात लावत नाय. लय आवडायचं तिला. मी म्हनते, इथं कोन बघतंय तुला, खा. तर म्हनती, कोनी बघत नाय म्हनून काय झालं?”

असं बोलून आई तूप आणायला गेली. सासूबाईंचा हात ताटावर थांबला होता. मी मान वर केली नाही. परतीच्या एसटीत विंचूर मागे पडलं, निफाड मागे पडलं. आडगाव आलं तेव्हा लक्षात आलं, की त्यांची पिशवी त्यांनी नेहमीसारखी आमच्या दोघींच्या मधे ठेवली नव्हती. मांडीवर घेतली होती.

त्या गुरुवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. सासूबाई ठेवणीतली नऊवारी नेसून बाहेर आल्या.

“चल,” मला म्हणाल्या.

“शेकाला?”

“चल म्हटलं ना.”

रिक्षावाल्याला त्यांनीच कॉलेज रोड सांगितलं. त्याच कॅफेत, त्याच टेबलाशी बसल्या. तीच मुलगी आली आणि आम्हाला बघून जरा बावरली.

“एक मॅकरून द्या,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, त्यात अंडं...”

“असू दे. हिला हवंय.” नातसुनेच्या वयाच्या त्या मुलीसमोर त्यांनी तो शब्द मात्र उच्चारला नाही. स्वतःसाठी त्यांनी घरून आणलेली पाण्याची बाटली पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली. तिथे बाहेरचं पाणी आणायला मनाई आहे अशी पाटी होती. मुलगी पाटीकडे न बघता मॅकरून आणायला गेली.

बशी आली. त्यांनी ती दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

“आई, मी नाही खात. खरंच नको.”

“मला ठाऊक आहे तू नाही खात,” त्या म्हणाल्या. “मी विचारायला नको होतं तुला तसं. खा. माझ्यासमोर खा.”

मी बुडाचा कागद काढला आणि एक घास तोडला. सासूबाई पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कॅम्पाच्या बसस्टॉपवर मी त्यांच्याकडे बघायचे तशा.

“चिकटतं का गं?”

घास तसाच तोंडात राहिला, डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं. त्यांनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि खुर्चीला टेकून बसल्या.

“चिकटलं वाटतं,” त्या म्हणाल्या. पातेल्याला नव्हे, मला.